नऊ नंबरची भाटी

मिटकरीकाकूंनी आपल्या मेलेल्या मांजरीला, ठमीला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून खड्ड्यात ठेवलं, वरून मीठ पसरलं आणि फावडं उचललं. मी मध्ये हात घातला.

"काकू, दहा मिनिटं द्या मला तिला," मी म्हणाले. "आतड्याचा एवढासा तुकडा काढून घेते आणि परत आणून देते. मग पुरा."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "त्या मेल्यानं मारलं तिला, आणि आता त्याच्याच टेबलावर फाडायला देऊ?" त्या म्हणाल्या. "तुझ्यावर राग नाही माझा, बाई. तू भोळी आहेस, त्याच्या हाताखाली सापडलीस. जा, सांग त्याला, आणखी एक गेलं म्हणावं."

आणि त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत माती ओढली. माझ्या पीएच.डी.चं एक प्रकरण त्या मातीखाली गेलं. मी हात झटकले आणि लॅबकडे परत निघाले.

तो मेला, म्हणजे माझे गाईड, डॉक्टर त्र्यंबक गुंजोटीकर. गावाचं नि पशुवैद्यकीय कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत आणि काही जणी अजून बोलत्या आहेत. मराठवाड्यातलं गाव, एवढं पुरे. कॉलेजच्या मागे स्टाफ क्वार्टर्सच्या दोन रांगा, मध्ये अर्धवट राहिलेल्या सभागृहासाठी आणून टाकलेला वाळूचा ढीग, आणि त्या ढिगावर सगळ्या कॉलनीची मांजरं. मिटकरीकाका कॉलेजच्या शेतीचे सुपरिंटेंडेंट, आणि काकू बाकी सगळ्याच्या.

सर पन्नाशी ओलांडलेले, एकटे राहणारे, शर्टचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणारे. माणसांशी कामापुरतं बोलायचे आणि मांजरांशी तेवढंही नाही. मांजर दिसलं की ताटली बडवायचे. त्याला कारणही होतं. आमच्या लॅबच्या खिडकीतून मांजरं आत शिरायची आणि काचसामान खाली लोटायची. एकदा माझ्या पेशींच्या बाटल्या फुटल्या, तेव्हा सरांचा पारा चढला आणि गणपतीच्या मीटिंगमध्ये, सगळ्या बायकांपुढे, ते म्हणाले, "मांजरं आवरा, नाहीतर मी आवरीन." त्यानंतर थोड्याच दिवसांत मांजरं मरायला लागली.

आता हा रोग असा, की बघणाऱ्याला विषच वाटावं. सकाळी उड्या मारणारं मांजर संध्याकाळी ओकायला लागतं, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं आणि पाणी मात्र पीत नाही. दुसऱ्या दिवशी खलास. आम्ही त्याला मांजरांचा पार्वो म्हणतो. एका मांजराच्या विष्ठेतून दुसऱ्याला लागणारा विषाणू, आणि अंगणात महिनोन् महिने टिकणारा. कॉलनी त्याला गुंजोटीकर म्हणत होती. मांजर मारणाऱ्याला काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, अशी आमच्याकडे समजूत. सर दूध आणायला निघाले की ओट्यावरून कुणीतरी कुणालातरी मुद्दाम मोठ्यांदा विचारायचं, काशीचं रिझर्व्हेशन झालं का म्हणून. सर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे आणि पुढे जायचे.

मला मात्र ते ऐकून भडका उठायचा. मी एकदा म्हणाले, सर, एकदा तरी खडसावून सांगा ना त्यांना. सरांनी मायक्रोस्कोपवरून मानसुद्धा वर केली नाही.

"सांगून कुणाला पटलंय, साळुंके? तुम्ही विषाणू काढा. बाटलीत वाढवा, ओळख पटवा, सगळ्यांपुढे ठेवा. मग मला बोलायची गरज नाही."

म्हणजे सरांची अब्रू माझ्या बाटलीत अडकली होती. आणि माझी स्वतःची गतही तीच. प्रबंधाला एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती. उन्हाळा संपायच्या आत विषाणू हाती लागला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झाली की वडिलांनी लातूरला एक खताचा दुकानदार बघून ठेवला होता. माणूस वाईट नव्हता. पण बघायला आला तेव्हा मला विचारत होता, की डॉक्टर म्हणजे फक्त जनावरांच्याच ना. अशा माणसाच्या घरी मला जायचं नव्हतं.

विषाणू काढायचा म्हणजे काय, ते सांगते, कारण लोकांना वाटतं तो चिमट्याने उचलता येतो. विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढत नाही. मांजराच्या मूत्रपिंडाच्या पेशी चपट्या बाटलीत गुलाबी द्रवात वाढवायच्या, त्यांची बाळंतिणीसारखी ऊब सांभाळायची, आणि आजारी मांजराच्या विष्ठेचं पाणी बारीक गाळून त्यांच्यावर घालायचं. विषाणू असेल आणि त्याची मर्जी असेल, तर तो पेशींत शिरतो, वाढतो आणि पेशी आकसून काचेवरून सुटायला लागतात. त्याची मर्जी नसेल तर बाटली तशीच राहते. माझ्या बाटल्या तशाच राहत होत्या. त्यातून लोडशेडिंग. वीज गेली, डिझेल नसलं, की पेशी आपोआपच मरायच्या, विषाणूची वाट न बघता.

मेलेली मांजरं मला कुणी देत नव्हतं. सगळी मिठासकट मातीत. मग उरला वाळूचा ढीग. मी चमचा आणि डबी घेऊन उन्हातान्हात तिथे बसायचे. एखादं मांजर मलूल दिसलं की त्याच्या मागावर राहायचे आणि त्याने वाळू उकरून मागे ठेवलेला प्रसाद उचलायचे. जाणारे येणारे नाकाला पदर लावायचे. माझ्या आईने ते पाहिलं असतं तर तिने स्वतः होऊन लातूरला फोन केला असता.

या सगळ्यात सरांचा एक दंडक होता. नमुना कोणत्या मांजराचा, कोणत्या घरचा, हे मी त्यांना सांगायचं नाही. फक्त नंबर. नाव कळलं की माणूस हवं ते बघतो, नंबरकडे माणूस सरळ डोळ्याने बघतो, असं ते म्हणायचे. सगळ्या हिंदुस्थानात एवढी काटेकोर लॅब दुसरी नसेल, अशी माझी खात्री होती. त्यामुळे नऊ नंबरचा नमुना मी त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी ते कुठलं मांजर हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

नऊ नंबरने कमाल केली. पहिल्याच फेरीत पेशी आकसल्या. मी दुसऱ्या बाटलीत घातला, तिथे त्याहून जोरात. तिसऱ्या बाटलीत तर सकाळी बघते तो अर्धी काच मोकळी. मी धावत जाऊन सरांना बोलावलं. ते बराच वेळ डोळा लावून बघत राहिले.

"फार गुणी आहे हो हा," ते म्हणाले. "रानातला विषाणू इतक्या लवकर बाटलीत रुळत नाही."

पण चेहरा फुलला होता. डब्यातली एक करंजी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. ज्यांनी त्यांना ओळखलं नाही त्यांना हे कळायचं नाही. दुसऱ्या कुणी गुलाल उधळला असता, तसं ते होतं.

पुढची परीक्षा डुकराच्या रक्ताची. हा विषाणू डुकराच्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतो, हे त्याचं ओळखायचं लक्षण. डुकराचं रक्त कुठून मिळवलं, ते इथे सांगत नाही. एवढंच, की वसतिगृहाच्या रेक्टर मला दोन दिवस पाण्याच्या माठाला हात लावू देत नव्हत्या. प्लास्टिकच्या ताटलीतल्या छोट्या छोट्या खळग्यांत ते रक्त आणि बाटलीतलं पाणी एकत्र करून गारव्यात ठेवलं. विषाणू नसेल त्या खळग्यात रक्त तळाशी बसतं आणि कुंकवाची टिकली दिसते. विषाणू असेल तिथे टिकली नाही, लाल पातळ पापुद्रा. माझ्या खळग्यांत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पापुद्रा होता. पार्वोलाच अडवणारं रक्तजल, म्हणजे सिरम, घातल्यावर तो थांबला, म्हणजे विषाणू तोच. पार्वो. मी ताटली हातात घेऊन लॅबमध्ये एकटीच नाचले.

आता एकच राहिलं होतं. त्याच्या जनुकाचा तुकडा हैदराबादला पाठवून वाचून घ्यायचा, आणि जगातल्या इतर विषाणूंशी ताडून बघायचा, की आमच्या गावचा हा कुणाचा कोण. तो निकाल यायच्या आतच सरांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. माझ्या शेवटच्या सेमिनारची तारीख घेतली, आणि दूधकेंद्राच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून लावलं, की कॉलनीतल्या मांजरांच्या मृत्यूचं शास्त्रीय कारण सांगण्यात येणार आहे, सर्वांनी यावं. 'सर्वांनी' या शब्दाखाली रेघ होती. ती रेघ बघून मला गलबलून आलं. काशीचे टोमणे त्यांना किती लागले होते, ते मला त्या रेघेवरून कळलं.

निकाल आला तो सेमिनारच्या आदल्या दिवशी. मी कॉम्प्युटरवर अक्षरं ताडत बसले. मग पुन्हा ताडली. मग उठून तोंडावर पाणी मारलं आणि तिसऱ्यांदा ताडली. आमचा विषाणू रानातल्या कुणाशीच जुळत नव्हता. तो जुळत होता लसीच्या विषाणूशी. अक्षर न् अक्षर.

मांजरांच्या या लसीत जिवंत विषाणूच असतो, फक्त वर्षानुवर्षं बाटल्यांत वाढवून नरम केलेला. म्हणून तर तो बाटलीत इतका शहाण्यासारखा वागला होता. त्याचं माहेरच ते. मांजराला लस टोचली की थोडे दिवस तो विष्ठेतूनही बाहेर पडू शकतो. पण त्या गावात मांजराला लस? तिथे माणसांच्या पोरांना पोलिओचा डोस द्यायचा तर दारोदार फिरावं लागायचं.

मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"आपल्या लॅबमध्ये ही लस कधीच आली नाही," ते म्हणाले.

"नाही, सर."

"म्हणजे मांजरातूनच आली." ते माझ्याकडे वळले. "साळुंके, नऊ नंबर म्हणजे कोणतं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा दंडक मोडला.

"वाळूच्या ढिगावर असते ती, तिरंगी भाटी," मी म्हणाले. "कुणाचीच नाही. तुमच्या मागच्या पायरीवर दिसते कधी कधी. तेव्हा जरा मलूल वाटली म्हणून घेतला नमुना."

सरांचे कान लाल झाले. मी त्यांना रागाने लाल झालेलं पुष्कळदा पाहिलं होतं. हे वेगळं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली आणि खिडकीकडे बघत सांगितलं. हैदराबादला परीक्षक म्हणून गेले होते तेव्हा त्यांनी लस आणली होती, बर्फ घातलेल्या चहाच्या थर्मासमधून. एकीपुरती. मागच्या पायरीवर टोचली.

"रोज संध्याकाळी येऊन बसायची," ते म्हणाले. "ओरडायची नाही, मागायची नाही. नुसती बसायची. बाकीची मरत होती. मला ती मरायला नको होती."

मला हसू आलं नाही, दया आली नाही, मला राग आला, आणि साधासुधा नाही. दोन वर्षं मी वाळूत बसून ज्याची वाट बघितली, तो विषाणू या माणसाने स्वतःच्या हाताने मांजरात घातला होता, आणि मग स्वतःच्याच नियमाने आंधळा होऊन माझ्याबरोबर त्याचं कौतुक केलं होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. एक शब्दही कमी केला नाही. सरांनी ऐकून घेतलं. सेमिनार पुढे ढकलायचा का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि मुदत आठवून स्वतःच नको म्हणाले.

रात्री मला झोप कसली लागते. उद्या काय होणार, ते मला सरळ दिसत होतं. बाहेरून आलेले तज्ज्ञ विचारणार, लसीचा विषाणू तुमच्या बाटलीत आला कसा. त्याचं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे मुलीचा हलगर्जीपणा. कुठूनतरी लस उडाली, बाटली नासली. सरांनी नुसतं गप्प बसायचं, उत्तर आपोआप तयार होतं. माझी पदवी जाणार होती, त्यांचं काहीच जाणार नव्हतं. उलट बोलले असते तर आयुष्यभर ताटली बडवून जे लपवलं ते भर सभेत उघडं पडणार होतं. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, याचा मी फार विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. प्राध्यापक पुढे, आणि मागच्या दोन रांगांत साक्षात कॉलनी. मिटकरीकाकू इरकल नेसून आल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ठमीचा फ्रेममध्ये लावलेला फोटो होता. मी बोलले. पेशी दाखवल्या, पापुद्रा दाखवला, आणि शेवटी तो निकालही दाखवला. खोटं दाखवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही असं नाही, पण सर समोर बसले होते.

तज्ज्ञ म्हणून डॉक्टर इनामदार आले होते. शांत माणूस, पण हाडात शिरणारा. ते म्हणाले, हे जर लसीचं वाण असेल, तर ही विद्यार्थिनीच्या हातून झालेली भेसळ आहे, दुसरं काय असणार. यावर पदवी कशी द्यायची? मी टेबलाची कड धरली.

सर उठले. गळ्याचं बटण त्यांनी उगाचच चाचपलं.

"भेसळ नाही," ते म्हणाले. "त्या मांजराला मी सुई दिली होती."

डॉक्टर इनामदारांनी मान वर केली. "आपण? कशासाठी?"

"मरू नये म्हणून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. थर्मास, पायरी, नंबरांचा दंडक, सगळं. आवाज वर्गात शिकवतात तसाच, पण कान पुन्हा लाल. साळुंकेंच्या कामात खोट नाही, त्यांनी बाटलीत जे होतं ते अचूक ओळखलं, चूक सुई देणाऱ्याची आहे, असं म्हणून ते खाली बसले. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग कुणी हसलं नाही. इनामदारांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, की लस दिलेलं मांजर विषाणू बाहेर टाकतं याचा इतका स्वच्छ पुरावा त्यांनी कुठे पाहिलेला नाही, तेव्हा प्रबंधाचं शीर्षक बदला आणि खरं आहे तसं लिहा. ज्या विषाणूने एकही मांजर मारलं नाही, त्याच्यावर मी डॉक्टर झाले.

मी मागे बघितलं. मिटकरीकाकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. विरघळल्या काकू. मी चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे गेले.

"ऐकलंस ना?" त्या माझा हात घट्ट धरून म्हणाल्या. "सगळ्यांसमोर कबूल केलं. सुई दिली म्हणाला. आणि आम्ही वेड्या इतके दिवस दुधाच्या वाट्या हुंगत बसलो."

मी म्हणाले, अहो काकू, ती लस होती, ती भाटी जिवंत आहे, बघा तिकडे, ढिगावर बसली आहे. काकू म्हणाल्या, हो, तिच्यावर चालली नाही त्याची सुई. नेम चुकला. त्यांना मी विषाणू म्हणजे काय ते सांगायला लागले, तर त्यांनी मलाच विचारलं, की मग ठमीचा विषाणू सापडला का? नव्हता सापडला. ठमी मिठात होती. सगळ्या शास्त्राने मिळून त्या कॉलनीत एकच गोष्ट निर्विवाद सिद्ध केली होती, ती म्हणजे गुंजोटीकर मांजरांना सुया देतात.

त्याच आठवड्यात डीनकडे सरांविरुद्ध अर्ज गेला, घरटी एक सही. डीनसाहेब भला माणूस. त्यांनी सरांना बोलावून, चहा पाजून सांगितलं, की तुम्ही आपले मांजरांपासून लांबच राहा. सर बरं म्हणाले. परत आले आणि मला म्हणाले, हैदराबादहून पेटीभर लस मागवली आहे, आणखी मरायच्या आत टोचून घेऊ, तुमचा हात हलका आहे.

मी थक्क झाले. पण आता मलाही त्या मांजरांचा लळा लागला होता, आणि सरांचाही. दुपारी जेवून कॉलनी आडवी झाली, दारं ओढून घेतली गेली, की आम्ही दोघं ढिगामागे जायचो. सर कांदासुद्धा न खाणारे. ते बाजारातून सुकट आणायचे, स्वतःच्या जेवणाच्या डब्यात, नाक मुरडून. मांजर वासाने आलं की ते गोणपाटात धरायचे आणि मी मानेची कातडी उचलून टोचायचे. एकेक करून कॉलनीचं सगळं मांजरकूळ आम्ही टोचलं. कुणाचं राखलेलं, कुणाचं मोकाट, असा भेद ठेवला नाही. मिटकरीकाकूंनी ठमीच्या जागी आणलेलं पिल्लू, त्यालाही टोचलं. ते सरांना सगळ्यात जास्त चावलं. सरांचे हात ओरबाड्यांनी भरले आणि ते भर मे महिन्यात लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागले. एकदा त्यांनी बाह्या वर केल्या तेव्हा ते ओरबाडे ओट्यावरून दिसले, आणि मरताना मुकं जनावर झटापट करतंच, हे कॉलनीभर झालं.

मरणं थांबली. आधी कमी झाली, मग एकही नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला, ढिगावर नवी पिल्लं खेळायला लागली. अर्ज दिला म्हणून हे झालं, असं कॉलनीचं ठरलं. अर्ज गेला आणि मरणं थांबली, यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा होता? काकूंचा कॉलेजच्या महिला मंडळात सत्कार झाला, नारळ देऊन. मी सरांना म्हणाले, आता तरी मी जाऊन सांगते. ते हसले. मी त्यांना हसताना फार कमी पाहिलं.

"कशाला? मांजरं जिवंत आहेत ना," ते म्हणाले. "आणि सांगितलंत तर उद्या प्रत्येक जण आपलं मांजर घेऊन माझ्या दारात. मला माणसांची सवय नाही, साळुंके."

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. मी तोवर तिथेच शिकवायला लागले होते, आणि लातूरचं स्थळ दुसरीकडे मार्गी लागलं होतं. ज्या दिवशी सरांनी क्वार्टर सोडली, त्या दिवशी टेम्पोत पुस्तकांची खोकी चढली, लोखंडी खाट चढली, आणि शेवटी सर एक वेताची झाकणाची टोपली छातीशी धरून बाहेर आले. टोपलीतून तिरंगी भाटी ओरडत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने तोंड उघडलं असावं. सर ड्रायव्हरशेजारी बसले, टोपली मांडीवर घेतली आणि झाकणाच्या फटीतून आत बोट घालून तिच्याशी काहीतरी बोलत राहिले. कॉलनी ओट्यांवर उभी होती. पोचवायला कुणी खाली उतरलं नाही.

टेम्पो फाटकाबाहेर पडला तसा माझ्या शेजारी उभ्या मिटकरीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"त्याच्या सुईतून तेवढी एक वाचली होती बिचारी," त्या म्हणाल्या. "तीही घेऊन गेला."

इतके दिवस मी सरांचं ऐकून तोंड शिवलं होतं. त्या वाक्याने माझं मस्तक फिरलं. मी काकूंना तिथेच, फाटकाजवळ, सगळं सांगितलं. त्यांच्या भाषेत सांगितलं, एकही इंग्रजी शब्द न वापरता. ठमी कशाने गेली ते सांगितलं. दुपारची ती वेळ, सुकट, गोणपाट, सरांचे ओरबाडे, काकूंच्या स्वतःच्या पिल्लाची मान मी कशी उचलली आणि सुई कशी दिली, आणि ते पिल्लू आज त्यांच्या चुलीपाशी लोळतं ते कुणामुळे, सगळं. बोलता बोलता मी रडायला लागले. काकूंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. इतक्या शांतपणे त्यांनी कुणाचंच कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, उशिरा का होईना, पोचलं.

माझं संपलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावरचा स्वतःचा हात हळूच काढून घेतला.

"म्हणजे तूपण होतीस त्याच्यात," त्या म्हणाल्या.